दाजींच्या घड्याळाची चेन : 0.80 मिलिमीटरच्या फटीचं प्रकरण

दाजींचं घड्याळ माझ्याकडे आलं ते बडीशेपेच्या डबीत, रुमालात गुंडाळून. मागोमाग फोन. “मास्तर, चेन काढून मस्त धुऊन द्या अन् जराशी आवळा. मनगटावर नुसती फिरायलीय. पोरीच्या लग्नात घालायचंय.”

दाजी म्हणजे आमच्या अक्काचे मालक. नव्वदच्या दशकात सौदीत दम्मामला पाइपलाइनवर कामाला होते, कायमचं परत येताना हे सिको 5 घेऊन आले. मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवतो, म्हणून मी ‘मास्तर’. आणि फिटरला घड्याळाची चेन काढणं म्हणजे चहा पिता पिता होणारं काम, असं त्यांना वाटलं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं.

सिको 5 ही मालिका 1963 सालची. नावातल्या पाचाचा अर्थ पाच गुण: आपोआप चावी बसणं, वार-तारीख एकाच खिडकीत, पाण्यापासून संरक्षण, चारच्या आकड्याशी आत दडवलेली चावी, आणि टिकाऊ केस व पट्टा. म्हणजे पट्टासुद्धा त्या पाचांत धरलेला. दाजींच्या चेनीनं तो शब्द पाळला होता. इतकी वर्षं घाम, धूळ, सिमेंट खाऊन एकही कडी तुटलेली नव्हती. गडबड झाली ती माझ्या टेबलावर.

पहिली रात्र

परभणीला दर फेब्रुवारीत तुराबुल हक दर्ग्याचा उरूस भरतो. दोन वर्षांपूर्वी तिथल्या एका पालावर मी घड्याळदुरुस्तीचा सोळा नगांचा सेट घेतला होता. प्लॅस्टिकचा पिन ढकलायचा साचा, बोटभर हातोडी, तीन पंच, मागचं झाकण उघडायची पात, चार पेचकस, एक चिमटा, इतर किरकोळ नग आणि एक काटा. काटा म्हणजे एका टोकाला सापाच्या जिभेसारखी दुभंगलेली पात, दुसऱ्या टोकाला सुईसारखी सरळ काडी. चेन काढायचं खरं हत्यार हेच. बाकीचे पंधरा नग या कामात प्रेक्षक.

घड्याळाच्या केसला चार कान असतात. दोन कानांमध्ये एक स्प्रिंगची पिन आडवी बसते. नळीच्या आत स्प्रिंग, दोन्ही टोकं बारीक, आणि टोकाच्या जरा अलीकडे एक कड, तिला खांदा म्हणू. टोकं कानांच्या आतल्या छिद्रांत शिरून बसतात. काट्याच्या दोन दातांमध्ये ते बारीक टोक धरायचं आणि दातांनी खांदा आत ढकलायचा. स्प्रिंग दबली की टोक छिद्रातून बाहेर येतं. काही घड्याळांत कानाला आरपार छिद्र असतं, तिथं बाहेरूनच सुई घालून पिन दाबता येते. ती सगळ्यात सोपी तऱ्हा. काही नव्या पट्ट्यांना पिनेवरच बारीक खुंटी असते, ती नखानंही सरकते. दाजींच्या घड्याळाचे कान बाहेरून कोरे होते. म्हणजे काटा आला.

जेवणाच्या टेबलावर, ट्यूबलाइटखाली, जेवण झाल्यावर मी बसलो. काटा फटीत जाईना. थोडा जोर लावला. टोक वाकलं, सटकलं, कानाच्या आतल्या अंगाला एक चरा उठला, आणि पिन टुणकन उडून कुठं गेली ते कळलंच नाही. चरा बाहेरून दिसत नाही, पण मला माहीत आहे ना तो कुठं आहे.

पुढची चूक त्याहून मोठी. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक आणलं आणि टेबलाखाली, टेबलावर, पुस्तकांमधून फिरवलं. घड्याळ तिथंच, वीतभर अंतरावर. एक तर या पिना स्टेनलेसच्या असतात. चुंबकाला धड चिकटतील याची खात्री नसते. पिन शेवटी सापडली ती बायकोच्या युक्तीनं. तिनं दिवा बंद केला, मोबाइलची बॅटरी फरशीवर आडवी ठेवली. आडव्या उजेडात तिळाएवढ्या वस्तूचीसुद्धा लांब सावली पडते. पिन फ्रिजच्या पायाशी होती. ती कशीबशी परत अडकवून ठेवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बातम्या लागल्या तेव्हा घड्याळ बारा मिनिटं पुढं होतं.

यांत्रिक घड्याळाचा वेग ठरवते ती आतली केसासारखी बारीक गुंडाळलेली स्प्रिंग. तिला चुंबकत्व लागलं की वेटोळी एकमेकांना चिकटायला बघतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि घड्याळ पळू लागतं. मोबाइलमधलं होकायंत्र उघडून घड्याळ जवळ नेलं, तर काटा हलला. चेन काढायला घेतली आणि मशीन बिघडवून बसलो. दाजींना त्या रात्री फोन केला नाही.

माप

वर्गात मी पोरांना पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट घोटून शिकवतो: आधी माप, मग हत्यार. आणि स्वतः घरी सेट उघडून जे हाताला लागेल ते उचललं. तर दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमधून व्हर्निअर, मायक्रोमीटर आणि फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पानांचा जुडगा, घरी आणले.

दोन कानांमधलं अंतर 18 मिलिमीटर. हे माप सगळे सांगतात, कारण पट्टा आणि पिन विकत घेताना तेच लागतं. पण काटा निवडायला ते काहीच कामाचं नाही. कामाचं माप दुसरंच: कान आणि शेवटच्या कडीच्या मधली ती फट, जिथून काट्यानं खांद्यापर्यंत पोहोचायचं असतं. घड्याळ उपडं ठेवून फीलर गेजची पानं एकेक घालून पाहिली. 0.80 चं पान गेलं. 0.85 चं अडकलं. मग मायक्रोमीटरनं उरुसातल्या काट्याचं टोक मोजलं. 1.22.

1.22 ची वस्तू 0.80 च्या फटीत जात नाही. ढकलली तर तिघांपैकी कुणीतरी वाकणार, हत्यार, कडी किंवा कान. माझ्या नशिबानं हत्यार वाकलं. दाजींच्या चेनीची शेवटची कडी घडी घातलेल्या पत्र्याची, आतून पोकळ. ती एकदा वाकली की केसशी नीट टेकत नाही आणि जन्मभर खुळखुळते. हल्लीच्या महागड्या चेनींत ही कडी भरीव असते. ती वाकत नाही, पण तिथं फट आणखी अरुंद, म्हणून चरे कानावर पडतात. घड्याळाच्या केसचं 316एल जातीचं स्टील कडकपणाच्या विकर्स मापात साधारण 150 ते 200 च्या घरातलं, म्हणजे पाणी दिलेल्या (तापवून, बुडवून कडक केलेल्या) हत्यारापुढं अगदीच मऊ. स्टील आहे म्हणून त्याला काही होत नाही, ही समजूत जालन्याच्या सळईला ठीक आहे.

जातिवंत हत्यार नव्हतं असं नाही. स्वित्झर्लंडमधल्या ल लोकल गावची बर्जॉन ही 1791 पासूनची कंपनी घड्याळजींची हत्यारं बनवते. तिचा 6767-एफ हा बारीक टोकाचा काटा जगभर वापरला जातो. ज्याच्याकडे चार-पाच घड्याळं आहेत आणि दर महिन्याला पट्टे बदलायची हौस आहे, त्यानं तो सरळ घ्यावा, मागंपुढं पाहू नये. मला एका घड्याळाची एक चेन एकदा काढायची होती. पिनेची दोन्ही टोकं एकाच वेळी दाबणारा चिमटाही मिळतो. भरीव कडीच्या चेनीला तो उत्तम, कारण दोन्ही बाजूंना सारखाच दाब येतो आणि सटकण्याचा धोका कमी. पण त्याच्या चोचींनासुद्धा मागून शिरायला जागा लागते. दाजींच्या चेनीच्या मागच्या बाजूला तेवढ्या खाचा नव्हत्या, तिथंच तो बाद झाला.

शेवटी मागवला तो पितळी मुठीचा, टोकं बदलता येणारा साधा काटा. सोबत जादा चार टोकं. किंमत सोळा नगांच्या सेटपेक्षा कमी. मूठ बोटांत घोळत नाही, मागच्या बाजूला फिरणारी टोपी आहे. ती तळहातात टेकवली की जोर सरळ रेषेत जातो. ही टोपी दिसायला शोभेची, पण सटकणं निम्मं तिच्यामुळेच थांबतं.

आता टोकाची जाडी 1.00. अजूनही जास्तच. इथं मात्र फिटर असल्याचा उपयोग झाला. आधी टोकाच्या कडेला कानस लावून पाहिली. कानस घसरली, रुतली नाही, म्हणजे टोकाला पाणी दिलेलं आहे. (उरुसातल्या काट्यावर कानस लोण्यात गेल्यासारखी गेली होती.) पाणी दिलेलं टोक ग्राइंडरवर धरू नये. कार्बन स्टील 220-230 अंशाला वाळल्या गवताच्या पिवळसर रंगावर येतं, 300 च्या आसपास निळं पडतं, आणि निळं पडलं की कडकपणा उतरलाच. एवढ्या बारीक टोकाला निळं पडायला एक सेकंद पुरतो. मी ऑइलस्टोनवर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, तेलाचा थेंब टाकून हातानंच घासलं, दोन्ही अंगांनी सारखं, मधेमधे मायक्रोमीटर लावत. वीस मिनिटांत 0.70 वर आलं. कडांची धार मुद्दाम मोडली, कारण चरा धार पाडते, जाडी नाही.

परात, ज्वारी आणि पंचा

रविवारी सकाळी खिडकीशी बसलो. टेबलावर पितळी परात, परातीत ओला करून पिळलेला पंचा, त्यावर जुन्या मोज्यात ज्वारी भरून केलेली उशी. घड्याळ त्या उशीवर उपडं ठेवलं की काचेवर भार येत नाही आणि हवा तसा खळगा करून बसवता येतं. ओल्या पंच्यावर पडलेली पिन उसळत नाही, जागच्या जागी चिकटते. हे सगळं घरचंच. विकतचे रबरी गादीवाले साचे मी पाहिलेत, ज्वारी बरी.

कानांना कागदी टेप लावला, पण फक्त बाहेरून आणि मागून. बरेच जण कानाच्या आतल्या अंगालाही टेप लावतात. टेपची जाडीही फटीतूनच वजा होते, 0.80 च्या फटीत एक थर लावला की पुन्हा काटा जाईना. आतल्या अंगाला संरक्षण द्यायचं ते काट्याची धार मोडून.

चेन काढण्याआधी मोबाइलवर चार फोटो काढले. लॉकची कोणती बाजू बाराकडे, शेवटच्या कड्यांपैकी कोणती कुठली. बारा आणि सहाच्या कड्या सारख्या दिसल्या तरी इतक्या वर्षांत प्रत्येक आपापल्या जागी घासून बसलेली असते. आतल्या बाजूला मार्करनं ठिपके दिले, एका कडीला एक, दुसरीला दोन.

बाराच्या बाजूची पिन पहिल्याच दाबाला आली. काटा फटीत सरकला, खांद्याला लागल्याचं बोटाला कळलं, आत ढकललं, किंचित वर उचललं. पिन परातीत. त्या आवाजानं इतकं बरं वाटलं की बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं, “काय झालं?”

सहाची बाजू हट्टी निघाली. काटा लागत होता, खांदा हलत नव्हता. टोक छिद्रात गंजून धरलं होतं. चेन चांगल्या स्टेनलेसची असली तरी पिनेचं स्टेनलेस हलक्या प्रतीचं असतं आणि छिद्रात घाम साचून राहतो. असा जोर लावण्याच्या क्षणीच चरे पडतात, म्हणून हात काढून घेतला. सुईच्या टोकानं गंज सोडवणाऱ्या तेलाचा जेमतेम एक थेंब छिद्राशी पोहोचवला आणि घड्याळ तसंच रात्रभर ठेवलं. स्प्रेची नळी लावायची नाही. तेल मागच्या झाकणाच्या रबरी वायसरपर्यंत पसरतं. सकाळी पिन काळपट होऊन बाहेर आली, एक टोक अर्धं खाल्लेलं. आणखी एखाद्या वर्षात ती चालत्या मोटारसायकलवर सुटली असती.

धुण्याचं फार नाही. फक्त चेन, कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, जुना टूथब्रश. निघालेलं पाणी बघून अक्का म्हणाली असती तेच मी मनात म्हटलं. शेवटचं खंगाळणं मात्र आरओच्या पाण्यात. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की वाळलं की कड्यांच्या सांध्यात पांढरा थर राहतो, आणि मग चेन पुन्हा करकरते.

आवळणं

एक कडी काढायची असं ठरवूनच बसलो होतो. त्यासाठी साचा, पंच, हातोडी सगळं काढलंही. चेनीच्या आतल्या बाजूला बाण असतात; पिन बाणाच्या दिशेनं ढकलून काढायची आणि बाणाच्या उलट दिशेनं परत घालायची, चिरलेलं टोक शेवटी. काही चेनींत पिनेसोबत राईएवढी नळी असते. ती पडली आणि लक्षात आलं नाही तर पिन बसते, पण धरत नाही, दोन दिवसांत बाहेर येते. उरुसाच्या साच्यातली सुई पहिल्या अडलेल्या पिनेवर वाकणार, हे तिच्याकडे बघूनच कळत होतं.

मग लॉक उघडून पाहिलं. कडेला बारीक छिद्रांची रांग. चेन सैल-घट्ट करायला कंपनीनं तिथं सोय ठेवलेली, आणि दाजींची पिन अजून अगदी बाहेरच्या छिद्रात. त्याच काट्यानं ती पिन दाबली, दोन छिद्रं आत सरकवली. काम झालं. साचा, पंच, हातोडी परत डब्यात. सेटमधली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात रुबाबदार वस्तू वापरायची वेळच आली नाही. चेन सैल झाली म्हणून कडी काढायला धावणाऱ्यानं आधी लॉक पाहावं.

नव्या पिना आणायला शिवाय चुंबकत्व उतरवायला बाजारात गेलो. घड्याळजी काकांनी घड्याळ हातात घेऊन कानाशी धरलं आणि वर न बघता विचारलं, “मॅग्नेट कुठं लावलं?” मी स्पीकरचं सांगितलं. त्यांनी एका निळ्या डबीवर घड्याळ ठेवून बटण दाबलं आणि सावकाश वर उचललं. दोन सेकंद. होकायंत्राचा काटा मग स्थिर. “अन् पिना?” मी जुनी पिन दाखवली. त्यांनी डब्यातून अठराच्या दोन काढून दिल्या. मी तिथंच व्हर्निअर लावला, तसे ते हसले. लांबी बरोबर, पण जाडी 1.5, जुनी 1.8 ची. कडीच्या नळीत बारीक पिन बसते खरी, पण खेळते, आणि तो खेळ महिन्याभरात छिद्र लंबगोल करतो. “ठीकय मास्तर, जाड देतो,” म्हणून दुसऱ्या डब्यातल्या दिल्या. लांबी विचारून पिन घेणारे सगळेच. जाडी विचारणारं गिऱ्हाईक त्यांना बहुतेक पहिल्यांदाच भेटलं असावं.

बसवणं

काढण्यापेक्षा नीट बसवणं अवघड, हे मला ठाऊक नव्हतं. पिन कडीच्या नळीत घालायची, एक टोक आधी एका छिद्रात टेकवायचं, दुसरं टोक काट्यानं दाबून धरायचं आणि कडी कानाच्या आतल्या अंगावरून सरकवत छिद्रापर्यंत न्यायची. सरकवताना टोक कानाला घासत जातं. पहिल्या रात्रीचा माझा चरा असाच, पण आडवा. म्हणून टोक पूर्ण आत दबलेलंच हवं, अर्धवट नको. इथं टोपीचा आणि मोज्यातल्या ज्वारीचा खरा उपयोग. तिसऱ्या हाताची उणीव ज्वारी भरून काढते.

बाराची बाजू ‘टिक’ करून बसली. सहाचीही ‘टिक’ झाली. पण आवाजावर विश्वास ठेवू नये, हे मी नशिबानं आधी ठरवलं होतं. कडी चिमटीत धरून डावीकडे-उजवीकडे ओढली, मग वर-खाली हलवली. सहाचं डावं टोक छिद्रात नव्हतं, छिद्राच्या काठावर टेकलं होतं, ओढताच निसटलं. दुसऱ्यांदा बसवल्यावर चेन धरून घड्याळ ज्वारीवर चार बोटांवरून दहा वेळा झटकलं. हललं नाही. मग टेप काढला.

चोवीस तास माझ्याच हातावर ठेवलं. रेडिओच्या वेळेशी जुळत होतं. शुक्रवारी संध्याकाळी दाजींच्या घरी देऊन आलो. त्यांनी मनगटावर घातलं, हात हलवला, पुन्हा हलवला. “जमलं बगा.” अक्कानं चहा टाकला. चऱ्याचं मी सांगितलं. दाजींनी नुसती मान हलवली.

रात्री साडेनऊला त्यांचा फोन.

“मास्तर, घड्याळात वार इंग्रजीत काहून दिसायलाय?”

वेळ लावताना मीच चावी फिरवली होती. वाराच्या चकतीवर प्रत्येक वार दोन भाषांत पाठोपाठ असतो. ज्या भाषेवर थांबाल ती पुढं रोज तीच. मी इंग्रजीवर थांबलो असणार. “दाजी, आता हात लावू नका,” मी म्हणालो. “रात्री नऊ ते पहाटे चार, वार-तारीख बदलणारे दाते गुंतलेले असतात. सकाळी चावी अर्धी ओढून फिरवा.”

पलीकडे जरा वेळ शांतता.

“म्हणजे उद्याचा शनिवार इंग्रजीतच उजाडणार.”

“हाव.”

“बरं,” दाजी म्हणाले, आणि फोन ठेवला.